छत्तीस मिनिटांचा हंगाम

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी आम्हाला प्रश्न विचारला होता. त्यांचा नातू अमेरिकेत शिकायला आहे. तो दर शनिवारी कॉलेजच्या फुटबॉलचे फोटो पाठवतो. लाखभर माणसं एका रंगाचे कपडे घालून बसलेली असतात. आजोबांचा प्रश्न सरळ होता : "सर, कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला लाख माणसं? आणि हे 'सीझन, सीझन' म्हणतात ते काय असतं?" आम्ही तेव्हा हसून वेळ मारून नेली. घरी गेल्यावर मात्र तो 'सीझन' शब्द डोक्यातून जाईना. आजचा विषय त्यातून निघाला आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला खेळाच्या मैदानात काय काम, असं कुणाला वाटेल. थोडा वेळ सोबत चला, मग ठरवा.

आधी तो खेळ समजून घेऊ. नावात फुटबॉल असला तरी पायाचं काम त्यात थोडंच. अकरा विरुद्ध अकरा गडी, अंड्यासारखा लांबट चेंडू, आणि तो हातात घेऊन किंवा फेकून समोरच्याच्या हद्दीत न्यायचा. नियमाचा गाभा असा, की चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्न मिळतात, आणि त्या चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. यार्ड म्हणजे आपला वार. सोलापूरकराला वार समजावून सांगायची गरज नाही, आपलं अर्धं गाव वारावर जगलं. लुगडं नऊ वारी, आणि यांची झुंज दहा वारांसाठी. शंभर वारांचं मैदान असं तुकड्या-तुकड्यानं जिंकत जायचं. घड्याळात खेळ साठ मिनिटांचा, पण थांबत-थांबत सामना तीन-साडेतीन तास चालतो.

आता हंगाम. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या आरंभी तो सुरू होतो आणि नोव्हेंबर संपेपर्यंत चालतो. वरच्या श्रेणीत एकशे तीसहून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत. त्या प्रत्येक संघाला या काळात साधारण बारा सामने मिळतात, आठवड्याला एक, मध्ये एखादा आठवडा विश्रांतीचा. 'मिळतात' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. पहिला सामना हरला म्हणून दुसरा काढून घेतला जात नाही. पाच सामने हरलेल्या संघालाही सहावा विजय मिळवून हंगामानंतरच्या एखाद्या 'बोल' सामन्याला पात्र व्हायची आशा असते. राष्ट्रीय विजेतेपदासाठी बाद पद्धतीच्या फेऱ्या आहेत, नाही असं नाही. 2024 च्या हंगामापासून त्यात बारा संघ घेतात, त्याआधी चारच घेत. पण त्या फेऱ्या डिसेंबर-जानेवारीत, हंगाम झाल्यावर. ज्यांना त्यात जागा नाही, त्यांचाही हंगाम पुरा झालेला असतो.

या खेळाचा जन्मच बघा. 6 नोव्हेंबर 1869, शनिवार. न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांचे पंचवीस-पंचवीस विद्यार्थी मैदानात उतरले. नियम आजच्या सॉकरला जवळचे होते, पण अमेरिकन लोक आपल्या कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना तोच मानतात. रटगर्सनं तो 6-4 असा जिंकला. पुढं काय झालं ते आमच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं. बरोबर एका आठवड्यानं प्रिन्स्टननं आपल्या मैदानावर रटगर्सला 8-0 असं हरवलं. तिसरा सामना ठरला होता, तो झाला नाही. म्हणजे पहिला हंगाम एवढाच, दोन सामन्यांचा, एक हार आणि तिची परतफेड. पण 'हरलेल्याला पुढचा शनिवार मिळतो' ही कल्पना त्या दोन सामन्यांत पूर्ण होती. बाकीचं सगळं, लाख माणसं, वाजंत्री, दूरचित्रवाणी, नंतर आलं.

आता सोलापूरला येऊ. आपल्याकडे अमेरिकन फुटबॉल फारसा आला नाही. 2012 मध्ये एक व्यावसायिक लीग निघाली होती, तिच्यात 'पुणे मराठाज' नावाचा संघही होता आणि मार्क वॉलबर्ग हा हॉलिवूडचा नट गुंतवणूकदारांपैकी एक होता. ती गंमत तेवढ्यावर राहिली. आपल्या कॉलेजांचा खेळ म्हणायचा तर खो-खो आणि कबड्डी. आम्ही खो-खो घेतो, कारण आपल्या जिल्ह्याचं त्याच्याशी नातं घट्ट आहे. माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप 2025 च्या जानेवारीत दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताकडून खेळला. अंतिम सामन्यात आपण नेपाळला 54-36 असं हरवलं. त्याच दिवशी मुलींनीही नेपाळलाच 78-40 असं हरवून विश्वचषक घेतला. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. तेव्हा गुणवत्ता कमी आहे, असं म्हणायला जागा नाही.

खो-खो किती शहाणा खेळ आहे, हे आपल्या लक्षात येत नाही, कारण तो आपण शाळेतच खेळून सोडून देतो. आठ गडी एका ओळीत आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पळणारा. त्यानं एकदा दिशा घेतली, की खांबापर्यंत गेल्याशिवाय मागं फिरायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. म्हणजे एकट्याच्या पायात कितीही वेग असो, उपयोग नाही. योग्य क्षणी खो देऊन स्वतः बसता आलं पाहिजे. आपला पाठलाग दुसऱ्याच्या हवाली करायचा, हा या खेळाचा कणा. असा खेळ सरावानं येतो हे खरं, पण नुसत्या सरावानं येत नाही. कुणाच्या पाठीवर कधी खो पडणार, हे बसलेल्याला न बघता कळायला सामने खेळावे लागतात, आणि तेच नऊजण पुन्हा पुन्हा खेळावे लागतात.

इथं एक जुनी आठवण सांगतो. सोलापूर विद्यापीठ 1 ऑगस्ट 2004 ला स्थापन झालं. त्याआधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, तो काळ. आमच्या तर्कशास्त्राच्या वर्गात माळशिरसकडचा एक मुलगा होता. शेवटच्या बाकावर बसायचा, आणि सकाळच्या सरावामुळं पहिल्या तासाला त्याचे डोळे मिटायचे. आम्ही रागवायचो. जूनपासून हा क्रम. पावसात मैदानाचा चिखल, ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली की पुन्हा चुना मारून आखणी, पहाटे साडेपाचला हजेरी. मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आली. आम्ही वर्गात विचारलं, काय रे, कसं झालं? तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, हरलो. पहिल्याच मॅचला. चार महिने पळालो आणि सीझन छत्तीस मिनिटांत संपला."

वर्ग हसला. तो हसला नाही. आम्हाला तो हिशेब नंतर कळला. खो-खोच्या सामन्यात दोन डाव, प्रत्येक डावात प्रत्येक संघाला एकदा आक्रमण आणि एकदा संरक्षण, म्हणजे चार पाळ्या, प्रत्येकी नऊ मिनिटांच्या. नवं चोक छत्तीस. त्यातही डावानं हरलात तर छत्तीससुद्धा नाहीत.

तो मुलगा तर्कशास्त्रात बेताचाच होता, पण त्यानं जे वाक्य टाकलं त्यात एक गणित दडलेलं आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत सोळा संघ असतील, तर पंधरा सामने होतात, कारण एका सामन्यात एक संघ घरी जातो आणि शेवटी एकच उरायचा असतो. सोळांपैकी आठ संघ एक सामना खेळून परत फिरतात. प्रत्येक संघाच्या वाट्याला सरासरी किती सामने? दोनपेक्षा कमी. संघ सोळा असोत, बत्तीस असोत, चौसष्ट असोत, ही सरासरी दोनला कधी पोचतच नाही. कागद घेऊन करून बघा. ज्याला सराव सगळ्यात जास्त हवा, त्या दुबळ्या संघाला सामने सगळ्यात कमी मिळतात, आणि जो आधीच बलवान आहे त्याला सगळ्यात जास्त. आपल्याकडे शेवटच्या चार संघांत साखळी खेळवायची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. ती चांगली आहे, पण ती शेवटच्या चारांसाठी.

मग पुढचा रस्ता. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चमकलेल्या मुलांतून विद्यापीठाचा संघ निवडतात. तो भारतीय विश्वविद्यालय संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेला जातो, तिथं पहिल्या चारांत आला तर अखिल भारतीय स्पर्धेला. शिवाय राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' महोत्सव. पूर्वी हा रस्ता कोल्हापूर, सांगली, साताऱ्याशी झुंजून जायचा. आता आपलं विद्यापीठ एका जिल्ह्याचं आहे, तेव्हा विद्यापीठाच्या संघात यायला आपल्याच जिल्ह्यात पुढं असलं की पुरतं. पोरांना संधी वाढली, हे कबूल केलं पाहिजे. पण बारकाईनं बघा, की विद्यापीठाचा संघ निवडला, तिथंच कॉलेजचा संघ मोडला. कॉलेजचा एखादा-दुसरा मुलगा वर जातो, बाकीचे दहाजण हिवाळी परीक्षेचे अर्ज भरायला लागतात. आमचा आजचा प्रश्न त्या दहाजणांचा आहे.

हरण्याला काय अर्थ असतो, हा प्रश्न आपल्या न्यायदर्शनानं फार पूर्वी हाताळला आहे. खेळाच्या बाबतीत नाही, वादविवादाच्या बाबतीत. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे दोघांनाही खरं काय ते शोधायचं आहे, जशी गुरू-शिष्यांत चर्चा चालते तसा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली चर्चा. तिथं शब्दच्छल चालतो, समोरच्याला अडकवणं चालतं. वितंडा म्हणजे स्वतःची बाजूच नाही, नुसतं समोरच्याचं पाडायचं. वितंडवाद हा शब्द आपण घरात रोज वापरतो, त्याचं मूळ हे. आता वादात हरलेला माणूस रिकाम्या हातानं जात नाही. आपली चूक कुठं होती हे त्याला कळलेलं असतं, आणि उद्या तो ती दुरुस्त करून पुन्हा बसणार असतो. जल्पात हरलेल्याला उद्या नसतो.

आमचं म्हणणं असं, की एकाच सामन्यावर सगळं टांगलं की खेळाचा जल्प होतो. पंचाचा एक निर्णय, एक घसरलेला पाय, आणि चार महिने गेले. मग पोरं पंचाशी भांडतात, आणि आपण म्हणतो की यांच्यात खिलाडूवृत्ती नाही. अहो, खिलाडूवृत्ती येणार कुठून? हार पचवायला पुढचा शनिवार लागतो. ज्या संघाला तुम्ही सप्टेंबरमध्ये हरलात आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा भेटणार आहात, त्याच्याकडे तुम्ही शत्रू म्हणून फार काळ बघू शकत नाही. त्यांचा तो डावखुरा गडी खांबाजवळ कसा वळतो, हे तुम्ही महिनाभर मनात घोळवता. हा एका अर्थानं वादच झाला.

न्यायसूत्रकार जल्पाला अगदी टाकाऊ मात्र मानत नाहीत. कोवळ्या रोपांच्या रक्षणाला काटेरी फांद्यांचं कुंपण घालावं, तसा जल्प कामाला येतो, असं त्यांचं म्हणणं. विजेता ठरवायला बाद फेरी लागतेच. आमची तक्रार इतकीच, की आपण बांधाला बाभळीचं कुंपण घातलं आणि शेतात पेरायचं विसरलो.

आता कुणी म्हणेल, सर अमेरिकेच्या प्रेमात पडलेले दिसतात. तसं नाही. त्या हंगामाला पैशाची कीड फार पूर्वीच लागली. 1905 मध्ये मैदानावर इतके खेळाडू जखमी झाले आणि मेले, की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना बोलावून घ्यावं लागलं. त्या गोंधळातून पुढं एनसीएए ही नियामक संस्था उभी राहिली. मग शतकभर तिथला घोळ असा, की खेळावर विद्यापीठं कोट्यवधी कमावणार, प्रशिक्षकांना कुलगुरूंपेक्षा जास्त पगार, आणि खेळणारा मुलगा 'हौशी', म्हणून त्याला शिष्यवृत्तीपलीकडे काही नाही. 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात या हौशीपणाच्या नावाखाली घातलेल्या काही बंधनांविरुद्ध एकमतानं निकाल दिला. त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. जून 2025 मध्ये आणखी एका खटल्यातली तडजोड मंजूर झाली, आणि आता विद्यापीठं वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंना थेट वाटू शकतात. न्याय झाला असं आम्हाला वाटतं. पण तो विद्यार्थी उरला, की नोकर झाला, हा प्रश्न तिथले लोकच आता विचारताहेत.

हाच प्रश्न आमच्याच पंथाच्या एका माणसानं ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी विचारला होता. रॉबर्ट हचिन्स, शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष, वयाच्या तिशीत त्या पदावर आलेले, मुलांनी मूळ महाग्रंथ वाचावेत म्हणून हट्ट धरणारे. शिकागोचा संघ एकेकाळी दादा होता. पण 1939 च्या हंगामात मिशिगननं त्यांना 85-0 आणि हार्वर्डनं 61-0 असं धुतलं. त्या डिसेंबरात हचिन्सनी फुटबॉल बंदच करून टाकला. मैदान ओस पडलं. आणि 2 डिसेंबर 1942 ला, त्याच मैदानाच्या प्रेक्षकसज्जाखालच्या जागेत, एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. खेळ काढला आणि त्या जागी काय आलं! यातून कुणी काही सिद्ध करू नये, पण आम्हाला ही गोष्ट विसरता येत नाही.

तिचा पुढचा भाग कमी लोक सांगतात. 1969 मध्ये शिकागोनं फुटबॉल परत आणला. आज तो संघ एनसीएएच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायलाच मनाई आहे. लाखभर प्रेक्षक नाहीत, दूरचित्रवाणीचे करार नाहीत. तरीही या श्रेणीतल्या संघांना हंगामात दहापर्यंत सामने मिळतात. म्हणजे हंगाम ही चैन नाही. पैसा आणि हंगाम या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि आपण इतकी वर्षं पहिली नाही म्हणून दुसरी मागितलीच नाही.

आपल्याकडे पैशाच्या जागी प्रमाणपत्र आहे. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. गरीब घरच्या पोरासाठी ही मोठी गोष्ट आहे, तिला नावं ठेवायचा आम्हाला अधिकार नाही. पण प्रमाणपत्र लागतं ते ठरावीक पातळीवरच्या स्पर्धेचं आणि क्रमांकाचं. मग खेळणं त्या कागदाशी बांधलं जातं, आणि जिथं कागद मौल्यवान तिथं बनावट कागद निघणारच. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. ज्या पोराला कागद मिळणार नाही हे पहिल्या सामन्यातच कळलं, तो पुढच्या वर्षी पहाटे साडेपाचला का उठेल?

उपाय काही फार थोर नाही. सोलापुरात चार कॉलेजं एकमेकांपासून सायकलच्या अंतरावर आहेत. चार संघांनी एकमेकांशी दोन-दोनदा खेळायचं ठरवलं, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या, तर बारा सामने होतात आणि प्रत्येक संघाला सहा मिळतात. शनिवारी दोन सामने धरले तर सहा शनिवार. सामान काय लागतं? सत्तावीस बाय सोळा मीटर जागा, दोन खांब, चुना, शिट्टी, घड्याळ. अडचणी आम्हाला ठाऊक आहेत, आम्हीही एका कॉलेजच्या जिमखाना समितीवर होतो. सत्र पद्धतीत परीक्षा ऑक्टोबरपासूनच मानेवर बसते. क्रीडा संचालक एकच, किंवा तोही नाही. मुलींचा सामना संध्याकाळी लांबला तर बाहेरगावच्या मुलींची बस जाते. आम्ही हा प्रस्ताव त्या समितीत एकदा मांडलाही होता. एका सदस्यांनी विचारलं, "यातून विद्यापीठाचे गुण मिळणार का?" नाही म्हटल्यावर पुढचा विषय घेतला गेला. आम्हीही पुन्हा रेटलं नाही, ती चूक आमची.

तो छत्तीस मिनिटांवाला मुलगा पुढं शिक्षक झाला, आता निवृत्तीला आला आहे. अधूनमधून फोन करतो, अजून 'सर' म्हणतो. काही वर्षांपूर्वी त्यानं आसपासच्या चार गावांतल्या शाळांत शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर खो-खोचे सामने सुरू केले. कुठंही नोंद नाही, ढाल नाही, प्रमाणपत्र नाही. गुणांचा तक्ता फळ्यावर खडूनं लिहितात, आणि तो पुसायचा नाही अशी शाळेत सगळ्यांना ताकीद आहे. त्याच्या शाळेच्या मुली ऑगस्टमध्ये शेजारच्या गावाकडून सात गुणांनी हरल्या. दिवाळीनंतर दोननं हरल्या. डिसेंबरात एका गुणानं जिंकल्या, तेव्हा हरलेल्या गावच्या मुलींनी त्यांना आपल्याकडची बोरं दिली, असं तो सांगत होता. आम्ही विचारलं, चारही शाळा अजून आहेत ना? तो म्हणाला, "तीनच राहिल्या, सर. चौथ्या गावची परतीची एसटी आता चारऐवजी अडीचला सुटते."